रिकामा खण

बालेवाडीत सहाव्या मजल्यावर
मला पगार मिळतो तो एवढ्याचसाठी, की
माणसानं उघडलेल्या टॅब
त्याला परत सापडाव्यात.
घरचे विचारतात, म्हणजे नक्की काय करतेस?
मी सांगते, आवरते.

मंगळवारी चाचणीला सुलभा धुमाळ आल्या,
हडपसरच्या लॅबमध्ये रक्त तपासणाऱ्या.
तीन विंडो, एकसष्ट टॅब,
इतक्या दाटीनं बसलेल्या की नावं गेली,
नुसत्या टिकल्या उरल्या.
एका गटाला नाव दिलेलं : शनिवार.
आत गॅसची तक्रार, मुलीचा अर्ज, गुडघ्याचे व्यायाम,
आणि कासच्या पठाराचं बुकिंग,
फुलं केव्हाच सुकलेली.
"सुट्टी मिळाली की करणारे."
बोलता बोलता बोट घसरलं,
अख्खा शनिवार बाहेर पडून वेगळी विंडो झाला.
ताटातली पोळी खाली पडावी
तशा त्या ओशाळल्या.
मी वहीत लिहिलं : हात सुटला की परत आपल्या जागी जावं.
इम्रान बागवान म्हणाला,
कोड मी लिहितो, जागा कुठली ते तू सांग.

मग बटणावरचा शब्द.
गट मोडायचा नाही, हरवायचा नाही,
मिटून बाजूला ठेवायचा फक्त.
'बंद करा' म्हटलं की लोक हात आखडतात.
मला आठवलं, आपल्यात दिवा विझवत नाहीत,
बांगडी फुटली असं म्हणत नाहीत,
रात्री दुकानही कुणी बंद करत नाही,
वाढवतात.
मी लिहिलं : वाढवा.

सहापैकी पाच जणांना वाटलं, अक्षरं मोठी होणार.
दाबलं, तर सगळंच गेलं.
एक जण बराच वेळ डोळे बारीक करून बसला.
सहावे वाकणकर, टपाल खात्यातून निवृत्त,
बरोबर दाबून स्वतःशीच हसले.
म्हणाले, फार दिवसांनी भेटला हा.
अहवालात त्यांचा रकाना : अपवाद.

घरच्या कपाटाची बिजागरी निखळलेली,
म्हणून शनिवारी बोहरी आळीत गेले.
शब्बीरभाई कांचवालांकडे भिंतभर खण,
आणि एकावरही चिठ्ठी नाही.
आत जो माल, त्यातला एक नग
बाहेर तारेनं बांधलेला :
कडी, कोयंडा, खिट्टी, सव्वा इंची स्क्रू.
पोरगा वर न बघता हात घालत होता
आणि हवं तेच काढत होता.
आम्ही दोन वर्षं भांडलो
गटाला नाव असावं की रंग,
रंग आठ असावेत की नऊ.

एका खणावर पितळी बिजागरी, कडांना वेल,
खाचांत हिरवी पडलेली.
म्हटलं, हीच द्या.
"ती नाही मिळणार.
कारखाना वाढवला त्यांनी, वीसेक वर्षं झाली."
मी दचकून त्यांच्याकडे पाहिलं.
ते सुतळी तोडत होते.

मग वर का ठेवलीय?
त्यांनी खण ओढून दाखवला.
तळाला वर्तमानपत्र, त्यावर तेलाचा डाग.
"कुणी विचारत आलं तर
आपल्याकडे होती, एवढं तरी दिसतं."

सोमवारी बैठकीत तोच मुद्दा राहिला होता :
शेवटची टॅब काढून नेली
की गटाचं काय करायचं?
सगळ्यांचं एकमत, आपोआप पुसून टाकायचा.
इम्रानचं बोट तयार.
मी म्हणाले, थांब.
का, असं सातही जणांनी विचारलं.
माझ्याकडे ना आकडे होते ना तक्ता.
पर्समध्ये ती साधी, स्टीलची बिजागरी होती,
अजून लावायची राहिलेली.
ती काढून टेबलावर ठेवली,
आणि कुठून सुरुवात करावी
ते काही केल्या सुचेना.